पुस्तक सुचवावे कसे?

पुस्तके वाचावीत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमुक एक पुस्तक वाचा, असे सांगणारेही कमी नाहीत. परंतु हे पुस्तक तुम्हीच का वाचावे, हे सांगू शकणारा माणूस विरळा. आपल्या संस्थेच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठी वाचनाविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा वाचनाचे महत्त्व पुन्हा एकवार सांगण्यापेक्षा ह्या विरळा माणसाविषयी लिहावे, असे मला वाटले. वाचनाचे महत्त्व आज कोणीच नाकारीत नाही. अडते ते पुढे. घरात पुस्तक आहे, वाचता येणारा माणूसही आहे, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही.

बडोद्यासारख्या गावी, महाराष्ट्राच्या बाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत तर ही गाठ न पडल्याचे परिणाम लवकर दिसतात. आजोबांनी जमविलेली पुस्तके कपाटात असतात. नातवंडे घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हाती धरीत नाहीत. आणखी एक पिढी अशीच गेली, तर ते कपाट उघडण्याचे कारणच कोणाला उरणार नाही. म्हणून पुस्तक आणि वाचक ह्यांची गाठ कशी घालून द्यावी, हा प्रश्न आपल्याला केवळ हौसेचा नाही. भाषा शिकविण्याच्या व्यवसायात मला जे उपयोगी वाटले आणि थोरांच्या चरित्रांत जे आढळले, ते येथे क्रमाने मांडतो.

स्तुती वेगळी, सुचविणे वेगळे

एखादे पुस्तक आवडले की आपण त्याची स्तुती करतो. ‘काय सुंदर पुस्तक आहे! अवश्य वाचा.’ हे बोलणे मनापासूनचे असते. पण त्याचा उपयोग थोडा होतो. कारण ह्या वाक्यात पुस्तक आहे आणि आपण स्वतः आहोत. ज्याला सांगतो तो माणूस मात्र त्यात कोठेच नाही. औषध उत्तम आहे म्हणून वैद्य ते दिसेल त्याला देत नाही. तो आधी नाडी पाहतो. पुस्तकाचेही तसेच आहे.

हल्ली मोबाईलवर याद्या येतात. जन्मात एकदा तरी वाचावीत अशी पन्नास पुस्तके, शंभर पुस्तके. अशी यादी आपण कौतुकाने वाचतो, दुसऱ्याला पाठवितो, आणि तिच्यातले एकही पुस्तक उघडीत नाही. ह्यात आपला आळस असतो, हे खरे. पण यादीचाही दोष असतो. जी यादी सर्वांना उद्देशून असते ती कोणालाच उद्देशून नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाली रामामृत रंगनाथन् ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील दोन नियम जोडीचे आहेत. एकाचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. दुसऱ्याचा असा की, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात. पण पहिल्यात आपण माणसापासून निघतो आणि पुस्तक शोधतो. दुसऱ्यात पुस्तकापासून निघून माणूस शोधतो. पुस्तक सुचविणाऱ्याने ह्या दोन्ही दिशांनी चालले पाहिजे, आणि पहिले पाऊल नेहमी माणसाच्या बाजूने टाकले पाहिजे.

दोन थोर उदाहरणे

असे पाऊल टाकणाऱ्या दोघांची उदाहरणे आपल्या देशाच्या इतिहासात आहेत.

पहिले उदाहरण कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या मुंबईच्या शिक्षकांचे. चर्नी रोडच्या बागेत ते वाचीत बसत. तेथेच एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन येतो आणि वाचण्यात गढून जातो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी मुलाची चौकशी केली, ओळख वाढविली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे शाळेतील यशाबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, त्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. ते पुस्तक वाचून आपण फार प्रभावित झालो, आजवर हे साहित्य आपल्याला का दाखविले नाही असे वडिलांना विचारले, आणि त्याच पुस्तकाच्या मदतीने आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस स्वतःच नमूद केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि बुद्ध व त्याचा धम्म ह्यांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आपणा बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट ह्यात आहे. ते बुद्धचरित्र केळुसकरांनी श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. पुढे भीमरावांच्या कॉलेजच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तक देऊन गुरुजींचे काम संपले नाही. वाचकाची काळजी त्यांनी पुढेही वाहिली.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. १९०४ साली गांधीजी जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले होते. त्यांचे तरुण इंग्रज स्नेही हेन्री पोलाक त्यांना पोहोचविण्यास स्टेशनवर आले आणि रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे पुस्तक त्यांनी गांधीजींच्या हाती दिले. प्रवास चोवीस तासांचा होता. गांधीजींनी पुस्तक हाती घेतले ते खाली ठेवलेच नाही. त्या रात्री त्यांना झोपही आली नाही. पुस्तकातील विचाराप्रमाणे आपले जीवन बदलावयाचे, असा निश्चय करूनच ते उठले. त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्स येथे आश्रमाची स्थापना झाली, आणि १९०८ साली गांधीजींनी त्या पुस्तकाचे सार ‘सर्वोदय’ ह्या नावाने गुजरातीत दिले. ‘सर्वोदय’ हा शब्द आज आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या मुळाशी स्टेशनवर दिलेले एक लहानसे पुस्तक आहे.

दोन्ही उदाहरणांत काय सारखे आहे, ते पाहावे. केळुसकरांनी मुलाला आधी वाचताना पाहिले होते. पोलाक आणि गांधीजी ह्यांची ओळख शाकाहारी भोजनगृहात झाली होती, साध्या राहणीविषयी त्यांची बोलणी होत असत. म्हणजे दोघांनीही माणूस आधी ओळखला. दोघांनीही यादी दिली नाही. एकच पुस्तक दिले. नुसते नाव सांगितले नाही; पुस्तक हातात ठेवले. आणि वेळही नेमकी साधली. समोर चोवीस तासांचा प्रवास असलेल्या माणसाला एका बैठकीत संपेल असे पुस्तक देणे, ह्यात पोलाक ह्यांचा पोक्तपणा दिसतो.

बडोद्याच्या पेट्या

केळुसकर आणि पोलाक ह्यांनी एकेका माणसासाठी जे केले, ते सबंध राज्यासाठी करता येईल काय? हा प्रयोग आपल्याच बडोद्यात झाला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेतून बाहेर पडल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन ह्या ग्रंथपालांना बोलाविले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला, आणि ग्रंथालयांचे जाळे आखून दिले. महाराजांनी राजवाड्यातील आपला मोठा ग्रंथसंग्रह ह्या कामासाठी दिला. मांडवीजवळचे ते मध्यवर्ती ग्रंथालय, त्यातील लोखंडी कपाटे आणि काचेच्या फरशांचे मजले आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. ज्यांनी पाहिले नसतील, त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे.

परंतु मला त्या इमारतीपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात त्या लाकडी पेट्या. जेथे ग्रंथालय नव्हते अशा गावी पुस्तके भरलेल्या पेट्या पाठविण्याची व्यवस्था ग्रंथालय खात्याने केली होती. पुस्तके वाचून झाली की पेटी परत यावयाची आणि नवी जावयाची. गावकऱ्यांवर खर्चाचा बोजा पडू नये, अशी योजना होती. मोतीभाई अमीन ह्यांच्यासारख्या निष्ठावंत कार्यकर्त्यांनी ही चळवळ गावोगाव नेली. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी निराळी सोय केली गेली. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे दाखविण्याचीही व्यवस्था त्याच खात्याकडे होती.

त्या काळी पेटी भरणाऱ्या माणसाचा विचार करून पाहा. समोर रिकामी पेटी आहे. ती कोणत्या गावी जाणार, ते ठाऊक आहे. तेथे शेतकरी असतील, एखादा शिक्षक असेल, शाळेतून नुकती निघालेली मुले असतील. पेटीत मावतील तेवढीच पुस्तके घालावयाची आहेत. एक पुस्तक घातले की दुसरे राहिले. पुस्तक सुचविण्याचा ह्याहून चांगला अभ्यास दुसरा नाही. आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या एका परिचिताचे नाव मनात धरून त्याच्यासाठी पाच पुस्तकांची पेटी भरून पाहावी. आपल्याला पुस्तके किती ठाऊक आहेत हे तर कळेलच. तो माणूस किती ठाऊक आहे, हे त्याहून अधिक कळेल.

आधी काय विचारावे

पुस्तक सुचविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात, किंवा न विचारता ताडून घ्याव्यात.

पहिली : ह्या माणसाने शेवटपर्यंत वाचलेली शेवटची गोष्ट कोणती? मग ते पुस्तक असो, वर्तमानपत्रातील लेखमाला असो, नाहीतर यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका असो. माणूस काय आवडते म्हणून सांगतो, त्यापेक्षा त्याने काय संपविले ह्यावरून त्याची आवड खरी कळते.

दुसरी : त्याला वेळ किती आणि कसा मिळतो? रोज अर्धा तास मिळणाऱ्याला लहान लहान प्रकरणांचे पुस्तक द्यावे. ज्याची दृष्टी अधू झाली आहे त्याला बारीक टाइपाची कादंबरी देणे हा उपकार नव्हे.

तिसरी : कोणत्या भाषेत त्याचे वाचन अडखळत नाही? आपल्याकडे बोलण्याची भाषा एक, शाळेची दुसरी आणि कचेरीची तिसरी, असे असते. म्हणून हा प्रश्न विसरून चालत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. शाळा सुटल्यावर वडिलांच्या गॅरेजात हाताखाली काम करी. ‘सर, मला गोष्टी आवडत नाहीत,’ असे त्याने स्पष्ट सांगितले. मग काय आवडते, असे विचारले तेव्हा म्हणाला, ‘वस्तू कशी बनते ते.’ मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरांची आहे. पण त्या मुलाला मी कादंबरी हा शब्द सांगितला नाही. ‘एका वाडीने आपल्या हातांनी तालीम कशी उभी केली, ते ह्यात आहे, तेवढे वाच,’ असे म्हटले. तालमीपर्यंत जाण्यासाठी त्याला आधीची पाने वाचावी लागली, आणि दुष्काळाने वाडी उठते तेथवर तो आपोआप गेला. पुस्तक परत देताना त्याने विचारले, ‘सर, मग त्या तालमीचे पुढे काय झाले असेल?’ हा प्रश्न ज्याला पडतो त्याला गोष्टी आवडत नाहीत, असे कोण म्हणेल?

नावावरून पुस्तक ठरवू नये

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. माणूस ओळखणे म्हणजे त्याचे आडनाव, धर्म, वय किंवा धंदा पाहून अंदाज बांधणे नव्हे. माझे नाव ऐकून स्नेही मंडळी मला प्रेमाने गझलांची पुस्तके सुचवितात. गझल मलाही प्रिय आहे. पण माझ्या उशाशी जे पुस्तक असते ते विष्णुभट गोडसे ह्यांचे ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. अनेक वर्षांनी त्यांनी हा वृत्तान्त लिहिला, आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. ग्वाल्हेर, झाशी, इंदूर इकडे वसलेल्या मराठी माणसांचे त्या काळचे जग त्यात जसे दिसते तसे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दिसत नाही. पुढे काय होणार ह्याची धास्ती तर पानोपानी आहे. रहस्यकथेशिवाय दुसरे काही न वाचणाऱ्या दोघा-तिघांना मी हे पुस्तक दिले आहे, आणि त्यांनी ते एका दमात वाचले आहे.

ह्याच्या उलटही घडते. मुसलमानांचा आणि जुन्या मराठीचा संबंध काय, असे कोणी निरागसपणे विचारले, तर मी वाद घालीत नाही. सतराव्या शतकातील श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद ह्यांच्या ‘योगसंग्राम’ ह्या ओवीबद्ध ग्रंथाचे नाव सांगतो, आणि शक्य झाल्यास तो आणून देतो. काही उत्तरे आपण देण्यापेक्षा पुस्तकाने दिलेली बरी.

बायकांना पाककृती, म्हाताऱ्यांना पोथ्या, मुलांना बोधकथा, अशी जी वाटणी आपण नकळत करून ठेवली आहे तीही मोडली पाहिजे. बागेची आवड असलेल्या गृहिणीला दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) देऊन पाहावे. ज्या झाडांना ती रोज पाणी घालते त्यांच्याकडे ती नव्याने पाहू लागेल. महाभारत तोंडपाठ असलेल्या आजोबांना इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ (१९६७) द्यावे. ते रागावतील, पानापानावर वाद घालतील. पण पुस्तक सोडणार नाहीत. वाचकाला आधीच मान्य असलेले पुस्तक देण्यापेक्षा, ज्याच्याशी त्याला भांडता येईल असे पुस्तक देणे कधी कधी अधिक चांगले.

देण्याची रीत

आता प्रत्यक्ष देण्याविषयी.

पुस्तकाविषयी दोनच वाक्ये बोलावीत. पहिल्यात त्यात काय आहे ते. दुसऱ्यात ते ह्याच माणसाला का द्यावेसे वाटले ते. शेवट सांगू नये. सुरुवात संथ असेल, तर तेवढे मात्र आधीच सांगावे. म्हणजे वाचक दहाव्या पानावर धीर सोडीत नाही.

वडीलधाऱ्या माणसाला पुस्तक देताना ‘हे वाचा, तुम्हाला आवडेल’ असे म्हणू नये. ‘आजी, हे तुम्ही वाचून मला सांगाल का, त्या काळी खरेच असे होते का?’ असे म्हणावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) मी अशाच रीतीने देतो. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहावाचावयास शिकल्या. वडिलांचे सोवळे, रेव्हरंड टिळकांचे ख्रिस्ती होणे, मधला ताटातुटीचा काळ, नवे जग, हे सारे त्यांनी अशा हसऱ्या आणि निर्मळ भाषेत सांगितले आहे की, ‘मला काही पुस्तकी कळत नाही’ म्हणणाऱ्या बाईलाही आपल्याच ओटीवर बसून कोणी बोलत आहे, असे वाटावे. आणि ज्या आजीला आपण साक्षीदार केले, ती वाचून झाल्यावर स्वतःच्या आठवणी सांगू लागते. तो लाभ वेगळाच.

पुस्तक दिल्यावर रोज विचारू नये. ‘किती झाले?’ हा प्रश्न परीक्षेचा आहे. एकदा दिल्यावर त्या माणसाला आणि त्या पुस्तकाला एकांत द्यावा. न आवडल्यास परत करण्याची मोकळीक आधीच द्यावी. पुस्तक नावडले म्हणजे आपला अपमान झाला, असे मानू नये. वाचकाची नाडी आपल्याला थोडी अधिक कळली, एवढाच त्याचा अर्थ.

परहस्ते गेलेले पुस्तक परत येत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर साधा उपाय म्हणजे एक वही. तारीख, पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव आणि परत करण्याचा दिवस, हे दोघांच्या देखत लिहावे. त्यात संकोच कसला? बडोद्याच्या पेट्याही अशाच नोंदीवर फिरत होत्या.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला आपण पुस्तक दिले त्याच्याकडून आपणही एक घ्यावे. नुसते देत राहणारा माणूस लवकरच उपदेशक होतो. घेणारा स्नेही राहतो.

वाचून दाखविणे

ज्यांना वाचता येत नाही, किंवा आता दिसत नाही, त्यांना आपण यादीतून वगळतो. हे बरे नव्हे. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांनी शेतात आणि घरात काम करता करता गाणी रचली, ती इतरांनी उतरून घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जे पुस्तक तोंडातून निघून कागदावर आले ते कागदावरून पुन्हा तोंडी आणावे, हे उचितच आहे. संध्याकाळी दहा मिनिटे घरातील एखाद्या मुलाने आजीला त्यातील एक कविता वाचून दाखवावी. खानदेशी बोलीचा एखादा शब्द अडला, तर बहुधा आजीच तो उलगडून सांगेल. वाचणारा मुलगा आणि समजावणारी आजी; ह्यात कोणी कोणाला पुस्तक सुचविले, हे सांगणे कठीण.

मुलांना मराठीकडे आणताना हीच वाट सर्वांत जवळची आहे. आपली बहुतेक मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. पण हिंदी, संस्कृतमुळे देवनागरी अक्षरे त्यांना येतात. म्हणजे अडचण लिपीची नाही. छापील मराठी कानांना अनोळखी असते, ही आहे. ती कानांवाटेच दूर होते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ रात्रीरात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. आठ-दहा दिवसांनी एखाद्या संध्याकाळी काम निघाले म्हणून वाचन अर्ध्यावर ठेवून उठावे, आणि पुस्तक तेथेच राहू द्यावे. मूल ते पुढे वाचते की नाही, हे दुरून पाहावे. माझ्या माहितीतील तीन घरांत ते वाचले गेले; चौथ्या घरात मुलाने आईकडेच हट्ट धरला. तोही विजयच आहे.

आणि एखादे मूल गुजरातीतच रमत असेल, तर त्यालाही अडवू नये. काकासाहेब कालेलकर साताऱ्यास जन्मलेले, घरची भाषा मराठी; बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते आचार्य होते. पुढे ते गुजराती गद्याचे एक श्रेष्ठ लेखक झाले. त्यांचे हिमालयाच्या प्रवासाचे पुस्तक आपल्या मुलांनी गुजरातीत वाचावे, आणि ते लिहिणारा आपल्यासारखाच घरी मराठी बोलणारा होता, हे त्यांना सांगावे. दोन भाषांत वाढणे ही अडचण नसून दौलत आहे, हे त्यांना एका पुस्तकाने कळेल. शेजारच्या गुजराती कुटुंबाला आपण एक मराठी पुस्तक समजावून सांगावे, त्यांच्याकडून एक गुजराती घ्यावे. ह्या गावाची रीत मुळात तशीच आहे.

संस्थेने काय करावे

आपल्यासारख्या संस्थांकडे सभासदांनी भेट दिलेली पुस्तके असतात. ती नीट असावीत म्हणून कपाटाला कुलूप असते, आणि कुलूप असते म्हणून ती नीटच राहतात. ह्या महोत्सवाच्या निमित्ताने तीन लहान गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. तिन्हींना मिळून एका वहीपलीकडे खर्च नाही.

एक, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कोरी चिठ्ठी जोडावी. पुस्तक परत करताना वाचकाने तिच्यावर एवढेच लिहावे : हे पुस्तक कोणाच्या उपयोगी पडेल? ‘आवडले’ किंवा ‘छान’ असे लिहू नये. ‘जिची मुलगी नुकतीच सासरी गेली तिला’, ‘निवृत्त होऊन ज्याला करमत नाही त्याला’, ‘लांबचा प्रवास करणाऱ्याला’, असे लिहावे. वर्षाच्या अखेरीस ह्या चिठ्ठ्या हीच संस्थेची सर्वांत उपयुक्त यादी होईल.

दोन, मासिक सभेनंतर अर्धा तास राखून ठेवावा. प्रत्येक वेळी दोघांनी एकेक पुस्तक आणावे, पाच मिनिटे बोलावे, आणि तेथेच ते कोणाला तरी वाचावयास द्यावे. एक सभासद वयस्क असावा आणि एक शाळेतला. मुलगा इंग्रजी पुस्तक घेऊन आला तरी त्याचे स्वागत करावे. आज त्याचे पुस्तक आपण घेतले, तर उद्या आपले तो घेईल.

तीन, जे सभासद घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी एक पेटी करावी. पाच पुस्तके, महिनाभर. नेणे-आणणे तरुणांनी करावे. बडोद्यात ही कल्पना नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी रेल्वेने गावोगाव जाणारी पेटी आज दांडिया बाजारातून रावपुऱ्यापर्यंत सायकलवरून सहज जाईल.

वाचकहो, आपली संस्था आजवर अडचणीतल्या कुटुंबाला मदत, विद्यार्थ्याला फी, रुग्णाला औषध देत आली आहे. देताना घेणाऱ्याची गरज पाहावी आणि त्याचा मान राखावा, हे तिने आपणांस शिकविले. पुस्तक देताना नियम तोच आहे. प्रत्येक सभासदाने ह्या वर्षी एकच माणूस निवडावा, त्याला नीट पाहावे, आणि त्याचे पुस्तक त्याच्या हाती ठेवावे.